पंख्याला देऊन उरलेली वीज

मे महिन्याच्या अखेरीस, मासेमारीची बंदी लागायला थोडेच दिवस उरले असताना, मी अक्काकडे कारवारजवळ सदाशिवगडला गेलो होतो. दाजींची बोट बैतखोलच्या बंदरात बर्फ आणि डिझेल भरून शेवटच्या फेरीच्या तयारीत होती. इंजिनाचे काही काम झाले होते, ते तपासण्यासाठी संध्याकाळी बोट खाडीबाहेर थोडी फिरवून आणायची होती आणि दाजी मलाही सोबत घेऊन गेले. सूर्य बुडाला, पाण्यावरचा उजेड गेला आणि सुकाणूच्या खोलीमागच्या चिंचोळ्या जागेत स्वयंपाक करणारा खलाशी कामाला लागला. खानापूर तालुक्यातला, जेमतेम विशीतला मुलगा. त्याने एक छोटी विजेरी दातांत धरली आणि तिच्या उजेडात तो कांदा चिरू लागला. बोट हलली की उजेड सुरीवरून घसरून भिंतीवर जायचा, तो मान वळवून पुन्हा बोटांवर आणायचा. तोंड उघडे राहिल्यामुळे हनुवटीवरून लाळ ओघळत होती, ती तो खांद्याला पुसत होता. त्याच्या पायांखाली, लाकडी फळ्यांच्या एका थराखाली, ११० अश्वशक्तीचे इंजिन चालू होते. त्याची थरथर माझ्या तळपायांना जाणवत होती. मी दाजींना विचारले, "इथे एक दिवा का नाही?" ते म्हणाले, "होता. मीच काढायला लावला. एकदा रात्री दिवे जळत राहिले आणि पहाटे इंजिन चालूच होईना. बॅटरी बसलेली. आत समुद्रात अडकलो की दिवा काय कामाचा?"

उत्तर बरोबर होते, आणि तरीही ते मनातून जाईना.

मी आयुष्यभर मोटारी आणि डायनॅमो गुंडाळण्याचे काम केले आहे. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत माझे छोटे दुकान आहे. जळालेल्या वार्निशचा वास, तांब्याच्या तारेची वेटोळी, तारांवरचे आवरण तपासणाऱ्या मेगरची सुई, हेच माझे जग. त्यामुळे एखाद्या ठिकाणी फिरता दांडा आहे आणि शेजारी अंधार आहे, असे दृश्य मला इतरांपेक्षा जास्त खुपते. परतीच्या वाटेवर तर ते फारच खुपले. कारवारहून बेळगावला येताना कद्रा, अणशीचा घाट, जोयडा, रामनगर असा रस्ता मी नेहमी धरतो आणि हा रस्ता बराच वेळ काळी नदीच्या खोऱ्यातून जातो. या एका नदीवर काय काय उभे आहे पाहा. वर सुप्याचे धरण, नागझरीचे मोठे वीजघर, मग १२० मेगावॅटचे कोडसळ्ळी, १५० मेगावॅटचे कद्रा आणि काठावर कैगाची अणुभट्टी, २२० मेगावॅटचे चार संच. त्यातला पहिला संच २०१६ पासून २०१८ च्या ३१ डिसेंबरपर्यंत सलग ९६२ दिवस एकदाही न थांबता चालला आणि त्याने त्या वेळचा जागतिक विक्रम मोडला. घाटातून वर चढताना डोंगरांवरून जाणाऱ्या उच्च दाबाच्या तारा दिसत राहतात. आणि हीच नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे एक मुलगा दातांत विजेरी धरून कांदा चिरतो. यात कोणाचा दोष आहे असे मला म्हणायचे नाही. तारेला बांधलेली वीज किनाऱ्यावर संपते, हे उघड आहे. पण बोटीत इंजिन असते. तेही एक वीजघरच होऊ शकते, हे मला दिसत होते आणि ते कोणी तसे वापरत नव्हते.

आमच्या लहानपणी गावात ते वापरले जात असे. माझे गाव निपाणीच्या बाजूला, दूधगंगेच्या काठचे. ऊस तुटायला लागला की मळ्यात गुऱ्हाळ लागायचे आणि चरकाला जोडलेले एका सिलिंडरचे संथ डिझेल इंजिन रात्रंदिवस धडधडत असायचे. हँडल मारून, वरची खीळ सोडून ते चालू करायचे. दोन्ही बाजूंना दोन जड चाके, एका चाकावरून चामडी पट्टा चरकाकडे गेलेला. वीज शिवारात आलेली नव्हती. माझ्या वडिलांनी कुठल्याशा जुन्या मोटारगाडीचा डायनॅमो आणून दुसऱ्या चाकाच्या कडेला लाकडी ठोकळ्यावर बसवला होता आणि चुलवाणावर एक दिवा लटकवला होता. मला त्या दिव्याचे वागणे अजून डोळ्यांसमोर आहे. चरक रिकामा असेल तेव्हा दिवा पांढरा लख्ख व्हायचा. उसाची मोळी चरकात गेली की इंजिन क्षणभर दबायचे, धडधड जड व्हायची आणि दिवा नारिंगी पडायचा. मग इंजिनाचा गव्हर्नर डिझेल वाढवायचा, चाक सावरायचे, दिवा परत उजळायचा. काहिलीतल्या उकळत्या रसाचा फेस काढणारा गुळव्या त्या दिव्याकडे न बघताही सांगू शकत असे की मोळी जाड होती की बारीक. वडील त्या दिव्यावर खूश होते. मोळी घालणारे गडी तितके खूश नव्हते. कंदिलाच्या उजेडात काम एका मर्यादेपुढे जात नसे, ती मर्यादा दिव्याने काढून टाकली आणि पाळ्या लांबल्या. ही गोष्ट मी पुष्कळ वर्षे विसरलो होतो. बोटीवरच्या दिव्याचा विचार करताना ती परत समोर येऊन बसली.

त्या गुऱ्हाळाच्या दिव्यातच या विषयाची सगळी अडचण होती. इंजिन ज्या कामासाठी आणले आहे त्या कामाच्या गतीने ते चालणार, तुमच्या दिव्याच्या सोयीने नाही. चरक असो वा बोटीला पाण्यात पुढे ढकलणारा पंखा, त्याचा हक्क पहिला. आणि घराला नेमकी उलट गोष्ट हवी असते. घरातल्या दिव्याला, मिक्सरला स्थिर दाब लागतो आणि फ्रिजला स्थिर आवर्तनही लागते. आपल्याकडची घरगुती वीज २३० व्होल्ट आणि सेकंदाला ५० आवर्तने अशी ठरलेली आहे. चार चुंबकी ध्रुवांचा जनरेटर असेल तर तो मिनिटाला बरोबर १५०० फेरे फिरला पाहिजे, तेव्हा ५० आवर्तने मिळतात. दोन ध्रुवांचा असेल तर ३०००. बोटीचे इंजिन बंदरातून बाहेर पडताना ७०० फेऱ्यांवर गुरगुरत असते, मोकळ्या पाण्यात १६००-१७०० वर जाते, जाळे ओढताना आणखी वेगळ्या गतीवर आणि वेगळ्या ओझ्याखाली चालते, लाटेवर पंखा उघडा पडला की क्षणभर उसळते. अशा इंजिनाला पट्ट्याने घरगुती जनरेटर जोडला तर काय होते, ते माझ्या दुकानात येऊन पडते.

एका बोटीवरचा फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि टेबलपंखा मी असाच उघडून पाहिला होता. कोणीतरी मुख्य इंजिनाच्या पुलीवरून २३० व्होल्टचा जनरेटर सरळ फिरवला होता. त्याला दाब राखणारे यंत्र होते, त्यामुळे इंजिन मंदावले तरी ते २३० व्होल्ट देण्यासाठी झगडत राहिले. पण आवर्तने तीसवर उतरली की त्याच दाबाला मोटारीतले लोखंड पुरत नाही. चुंबकत्वाने ते तुडुंब भरते, वेटोळ्यांतून जास्तीचा प्रवाह वाहू लागतो आणि ती तापतात. पंख्याचे वेटोळे बाहेर काढले तेव्हा तांब्यावरचे वार्निश काळे होऊन खपल्यांसारखे निघाले. मोटारीवर अन्याय झाला होता असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. तिला कोणी सांगितलेच नव्हते की आपण बोटीवर आहोत.

मोठ्या जहाजांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडवला आहे. पंख्याच्या मुख्य दांड्यावरच जनरेटर बसवतात आणि दांड्याची गती एकसारखी ठेवतात. जहाज हळू न्यायचे असेल तर इंजिन मंद न करता पंख्याच्या पात्यांचा कोन बदलतात. दांडा त्याच गतीने फिरत राहतो, आवर्तने ढळत नाहीत. पण तसला पंखा ही महागडी आणि नाजूक गोष्ट आहे, मासेमारीच्या लाकडी बोटीच्या ऐपतीबाहेरची. मी मात्र दुसऱ्या एका उत्तरावर अर्धे आयुष्य बसून प्रवास केला होता.

ते उत्तर रेल्वेच्या डब्याखाली होते.

बेळगाववरून जाणाऱ्या जुन्या पद्धतीच्या गाड्यांच्या डब्यांना इंजिनाकडून वीज मिळत नसे, प्रत्येक डबा आपली वीज आपण तयार करायचा. चाकांच्या आसावर एक पुली, तिच्यावरून पट्टे, पट्ट्यांना डब्याखाली टांगलेला अल्टरनेटर आणि शेजारच्या पेटीत ११० व्होल्टच्या बॅटऱ्या. साध्या डब्याचा अल्टरनेटर साडेचार किलोवॅटचा, वातानुकूलित डब्याचा २५ किलोवॅटचा. गाडी धावत असताना अल्टरनेटर दिवे-पंखे चालवतो आणि बॅटरी भरतो, गाडी उभी राहिली की बॅटरी ती जबाबदारी घेते. लोंढ्याला रात्री गाडी तासन्‌तास उभी राहायची, तेव्हा पंखे हळूहळू मंदावत, दिवे पिवळे पडत आणि कोणीतरी म्हणायचे, "बॅटरी उतरली." मग गाडी हलायची, खडखडाट वाढायचा आणि थोड्याच वेळात पंख्यांचा आवाज चढायचा. दारापाशी उभा राहून वाकले की पट्ट्यांची फडफड ऐकू यायची. धावत्या चाकातून घेतलेली वीज सरळ दिव्याकडे नेली नाही, ती आधी साठवणीत टाकली, हे त्या व्यवस्थेचे मर्म आहे. चाकाची गती कितीही बदलो, अल्टरनेटरमधून येणारी वीज डायोडमधून एका दिशेची होते, चुंबकाकडे जाणारा प्रवाह कमी-जास्त करून नियामक तिचा दाब सांभाळतो आणि बॅटरीला फक्त दाबाशी देणेघेणे असते. फेऱ्यांचा हिशेब तिथेच संपतो.

बोटीला हेच करायचे होते. मी दाजींना फोन केला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "इंजिन चालूच असतं, म्हणजे वीज फुकट ना?" हा प्रश्न मला माझ्या गिऱ्हाइकांनीही अनेकदा विचारला आहे आणि त्याचे उत्तर मी नेहमी सविस्तर देतो, कारण फुकट या कल्पनेने लोक चुकीची यंत्रे घेतात. वीज फुकट नसते. अल्टरनेटरकडून वीज मागितली की तो फिरायला जड होतो, ते जडपण पट्ट्यातून इंजिनाला जाते आणि इंजिन तेवढे डिझेल जास्त पिते. अल्टरनेटर आणि पट्टा मिळून जेमतेम निम्म्याहून थोडी अधिक शक्ती विजेत उतरवतात. त्यापुढे बॅटरीतून जाताना काही गळते, इन्व्हर्टर वापरला तर आणखी काही. सगळा हिशेब केला तर वापरलेल्या एका युनिटामागे पाऊण लिटरच्या आसपास डिझेल जाते. घरच्या मीटरपेक्षा ही वीज कितीतरी महाग आहे. पण वेगळा छोटा जनरेटर बोटीवर ठेवला, तर तोही तेवढेच किंवा जास्त तेल पिणार, शिवाय जागा अडवणार, आवाज करणार आणि खाऱ्या हवेत गंजणार. त्याच्यापुढे मुख्य इंजिनाची वीज शहाणपणाची ठरते.

आणि इंजिनाकडे शिल्लक असते, हा मुद्दा दाजींना पटवण्यात मला विशेष आनंद झाला. पंखा जितका वेगाने फिरवाल तितकी शक्ती नुसत्या पटीत नाही, घनाच्या पटीत लागते. म्हणजे फेरे निम्म्यावर आणले की पंख्याला लागणारी शक्ती एक अष्टमांश होते. ११० अश्वशक्तीचे इंजिन निम्म्या गतीने चालले की पंखा जेमतेम १४ अश्वशक्ती घेतो. इंजिन त्या गतीलाही त्याहून पुष्कळ जास्त देऊ शकते. मी सुचवत होतो त्या अल्टरनेटरला पूर्ण भारावर तीन अश्वशक्ती पुरेशी होती. उलट डिझेल इंजिन फार काळ हलक्या ओझ्यावर चालले की त्याचे सिलिंडर गुळगुळीत चकाकी धरतात, तेल वर येऊ लागते आणि धूर वाढतो. त्यामुळे थोडे ओझे त्याला मानवते. जाळे ओढताना मात्र शिल्लक इतकी ऐसपैस नसते, तेव्हा इंजिन खरोखर राबत असते. तिथे तीन अश्वशक्तीही मोजून द्याव्या लागतात.

दाजींची भीती होती पहाटे चालू न होणाऱ्या इंजिनाची, आणि मला ती भीतीच आराखड्याचा पाया वाटली. म्हणून इंजिनाचा जुना अल्टरनेटर आणि त्याची बॅटरी जशी होती तशी ठेवायची, तिला घरातली, म्हणजे बोटीवरच्या दिवे-पंख्यांची, एकही तार लावायची नाही, असे ठरवले. घरासाठी वेगळा २४ व्होल्ट ४५ अँपिअरचा अल्टरनेटर आणि वेगळ्या बॅटऱ्या, १२ व्होल्टच्या २०० अँपिअर-तासांच्या दोन. एका अल्टरनेटरवर दोन्ही संच भरता येतात. मध्ये डायोड घातला की एक बॅटरी दुसरीला रिकामी करत नाही, पण डायोड स्वतः अर्ध्या-पाऊण व्होल्टाचा दाब खातो आणि बॅटरी कायम अर्धपोटी राहते. रिले, म्हणजे विजेने आपोआप लागणारी खटकी, घातला तर ते टळते, पण खाऱ्या ओलाव्यात रिलेचे टोक चिकटले तर दाजींची भीती खरी होते. दोन वेगळे संच हे सगळ्यांत साधे, आणि समुद्रात साधे तेच टिकते असे मला वाटते. अडीअडचणीला घरच्या बॅटरीवरून इंजिन चालू करता यावे म्हणून एक जाड हाताची खटकी तेवढी मध्ये ठेवली. ती एरवी उघडीच राहायची.

१ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात बोट उभी असते, तेव्हा काम करायचे ठरले आणि त्याआधी पुली बेळगावात घडवून घेतली. दुसऱ्या अल्टरनेटरसाठी क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुढच्या टोकाला पुलीवर आणखी खाचा हव्या होत्या. उद्यमबागेत एका ओळखीच्या ओतकामाच्या कारखान्यातून ओतीव लोखंडाचा गोळा आणला आणि शेजारच्या लेथवर चढवला. बेळगावला अशा कामाचे अप्रूप नाही. याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली इथे सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, आणि त्यानंतरच्या इतक्या पिढ्या या गावात लोखंडाचा भुगा हाताला लावून जगल्या आहेत. ओतीव लोखंड कापताना लांब कुरळे तुकडे निघत नाहीत, काळा भुगा पडतो, तो नखांत जातो आणि साबणाने जात नाही. लेथवाल्याने खाचेच्या उतरत्या बाजूला बोट लावून पाहिले, मग पट्ट्याचा तुकडा बसवून पाहिला. इंग्रजी व्हीच्या आकाराचा पट्टा खाचेच्या तळाला टेकता कामा नये, दोन्ही बाजूंच्या भिंतींना घट्ट धरूनच त्याने ओढले पाहिजे. तळाला टेकला की तो घसरतो, तापतो आणि काळी पूड टाकत झिजतो. तीन अश्वशक्तीला एक पट्टा पुरला असता, पण मी दोन खाचा घेतल्या. समुद्रात एक तुटला तर दुसऱ्यावर बंदर गाठता येते.

पुलीचे माप काढताना माझा बराच वेळ गेला. अल्टरनेटरला साधारण हजार-बाराशे फेरे मिळाले की तो वीज द्यायला लागतो आणि पूर्ण प्रवाह देण्यासाठी त्याला पाच-सहा हजार फेरे हवेत. इंजिनाचे १७०० फेरे अल्टरनेटरला पाच हजारांवर पोहोचवायचे तर इंजिनावरची पुली त्याच्या पुलीच्या तिप्पट हवी. म्हणजे ७०० वरही त्याला २१०० मिळतात आणि तो थोडीफार वीज देतो. इथे एक धोका आहे. मंद गतीवर अल्टरनेटरचा स्वतःचा पंखाही मंद फिरतो, आणि त्याच वेळी रिकामी बॅटरी त्याच्याकडे पूर्ण प्रवाह मागत असते. वारा कमी आणि मागणी जास्त, त्यात इंजिनाच्या खोलीतली उष्णता. अशाने अल्टरनेटर जळतात. म्हणून बाहेरची हवा सरळ त्याच्या पाठीवर येईल अशी एक पत्र्याची नळी आम्ही बसवली.

तारांच्या बाबतीत माझा आणि बोटीवरच्या मिस्त्रीचा मतभेद झाला. त्याला ६ चौरस मिलिमीटरची तार पुरेशी वाटत होती, कारण ती तापत नाही. तापत नाही हे खरे, पण दहा मीटर जाऊन दहा मीटर परत येताना ४५ अँपिअरवर तिच्यात अडीच व्होल्टांहून जास्त दाब हरवतो. २३० व्होल्टमध्ये अडीच व्होल्ट गेले तर कोणाला कळत नाही, २४ व्होल्टमध्ये तो दहावा हिस्सा आहे, आणि बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. शेवटी बॅटऱ्या अल्टरनेटरच्या जवळ आणल्या आणि तार १६ ची, कथिलाचा मुलामा दिलेली घातली. कारवारच्या हवेत उघडे तांबे काही महिन्यांत हिरवे पडते. फ्यूज बॅटरीच्या टोकापाशीच ठेवला. एक सूचना मी लाल रंगात फळीवर लिहून ठेवली, इंजिन चालू असताना घरच्या बॅटरीची तार काढू नये. फिरत्या अल्टरनेटरपुढून बॅटरी अचानक नाहीशी झाली की दाब एकदम उसळतो आणि डायोड फुटतात. सहा डायोड असतात, त्यातला एक गेला तरी अल्टरनेटर आजारी होतो आणि बोटीवर कोणाला कारण सापडत नाही.

दिवे आणि दोन छोटे पंखे २४ व्होल्टवरच चालणारे घेतले. इन्व्हर्टर फक्त मिक्सरसाठी आणि मोबाइलच्या चार्जरसाठी, तोही काम झाले की बंद करायचा, कारण रिकामा इन्व्हर्टरही बॅटरी खात राहतो. नऊ वॅटचे पाच दिवे सहा तास, तीस वॅटचे दोन पंखे आठ तास, खोबरे वाटायला मिक्सर दहा मिनिटे, सगळ्यांचे मोबाइल. सारे मिळून दिवसाला एक युनिटाच्या आतबाहेर. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये हा नियम पाळला, तरी तेवढ्यात दोन दिवसांची साठवण होते. आणि जाण्या-येण्याच्या दोनेक तासांत दिवसाची भर निघते. वर्षानुवर्षे त्या पंचेंद्रिय थकवणाऱ्या आवाजात झोपणारी ही माणसे, आणि तो आवाज त्यांना एक युनिटसुद्धा परत देत नव्हता.

ऑगस्टमध्ये बोट पाण्यात गेली. पहिल्या फेरीवरून परतल्यावर मी मुद्दाम खलाशांशी बोललो. त्यांनी आधी पंख्यांबद्दल सांगितले, दिव्यांबद्दल नंतर. फळ्यांच्या त्या कोंदट खणात, डिझेलच्या वासात, अंगावर वारा असणे म्हणजे काय, हे आपल्याला घरी बसून कळणार नाही. स्वयंपाकाच्या मुलाने दिवा नेमका कुठे हवा ते मला हाताने दाखवले. मी लावलेल्या जागेवरून त्याची स्वतःचीच सावली पातेल्यात पडत होती. तो दिवा आम्ही सरकवला. एका वयस्कर खलाशाने मात्र सांगितले की आता रात्री उशिरापर्यंत मासळी निवडायला बसवतात, पूर्वी उजेड नाही म्हणून पहाटेवर टाकायचे. तो तक्रार करत नव्हता, सहज बोलला. मला गुऱ्हाळातल्या मोळ्या घालणाऱ्यांचे चेहरे आठवले. मी ते दाजींच्या कानावर घातले. निवडण्याच्या जागेवरचा दिवा वेगळ्या खटक्यावर आहे आणि तो खटका तांडेलाच्या, म्हणजे बोटीवरच्या प्रमुखाच्या, हाताशी आहे, एवढे मी करू शकलो. तो कधी बंद करायचा हे तारांनी ठरत नाही.

आणखी एक शंका मला बंदरातच कोणीतरी बोलून दाखवली, की हा पाण्यावर झगमगाट करून मासे गोळा करण्याचा प्रकार तर नाही ना. तसल्या एलईडी मासेमारीला केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली आहे, आणि ती योग्यच आहे. त्यासाठी बोटींवर भलेमोठे जनरेटर चढवावे लागतात. नऊ वॅटच्या दिव्याखाली माणूस जेवतो, त्याला समुद्रातली मासळी फसत नाही. तरीही त्या माणसाने विचारले हे मला आवडले.

आता दाजींना फ्रिज हवा आहे. दूध, भाजी, थंड पाणी आणि एका खलाशाची औषधे, अशी त्यांची यादी आहे. मी म्हणालो, मासळीसाठी बर्फ आहेच, त्यात एक डबा ठेवा. त्यावर स्वयंपाकाचा मुलगा लगेच म्हणाला, "मास्तर, चहाला मासळीचा वास येतो. तुम्हीच पिऊन बघा." मी प्यायलो, आणि त्याचे म्हणणे खरे होते. पण फ्रिज आला की दिवसाचा खप दुप्पट होतो. तो रात्रभर चालतो, इंजिन मात्र नांगर टाकल्यावर बंद असते. घरगुती कॉम्प्रेसर चालू होताना क्षणभर पाच-सहा पट प्रवाह ओढतो, म्हणजे इन्व्हर्टर मोठा लागेल आणि तो दिवसरात्र चालू ठेवावा लागेल. २४ व्होल्टवर सरळ चालणारा छोटा फ्रिज मिळतो, तो महाग आहे पण इन्व्हर्टर वाचवतो. बॅटऱ्यांची आणखी एक जोडी लागेल, एकेक साठ किलोच्या घरात, आणि ते वजन बोटीच्या मध्यभागी, खाली, पक्के बांधलेले हवे. ती जागा सध्या सुट्या जाळ्याने अडवली आहे. दाजी म्हणतात जाळे हलणार नाही. मी म्हणतो, मग एक बॅटरी इकडे आणि एक तिकडे अशी तरी ठेवू, बोट कलायला नको. पुढच्या बंदीत मी टेप घेऊन पुन्हा बैतखोलला जाणार आहे. तोवर त्या मुलाला मी झाकणाला रबर असलेला स्टीलचा डबा पाठवला आहे, दुधासाठी.